दिव्यांग योजनांचा अर्ज: ठाणे-नवी मुंबईकरांनी तयारी कुठून सुरू करावी

"दिव्यांगांना महिन्याला किती मिळतात हो?" बहुतेक घरांत सुरुवात या प्रश्नाने होते. मग कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून महिन्याचं अनुदान देणाऱ्या संजय गांधी योजनेचा फॉर्म आणतं, अर्धा भरून होतो आणि गाडी अडते. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचं प्रमाणपत्र नाही, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, आधारवर नाव अजून माहेरचं. खरं तर योजनेचा फॉर्म हा या सगळ्या कामातला शेवटचा कागद. प्रत्येक टेबलवर आधीच्या टेबलाने दिलेला कागद बघतात. माणसाला नीट बघतात ते फक्त रुग्णालयात, तेही एकदा. म्हणून तळातल्या कागदापासून वर यायचं.

आधी आपला जिल्हा कोणता ते बघा

हे सांगायची काय गरज, असं वाटेल. पण नवी मुंबईत पहिला घोळ इथेच होतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. पत्त्यात मात्र दोन्हीकडचे लोक 'नवी मुंबई' असंच लिहितात. खारघरच्या माणसाने प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जात ठाणे जिल्हा निवडला की अर्ज एका जिल्ह्यात आणि पत्त्याचा पुरावा दुसऱ्या जिल्ह्यातला, असं होऊन बसतं. त्याचं तहसील पनवेलचं, महापालिकाही पनवेलचीच. उलट बेलापूरच्या माणसाला पनवेल हाकेच्या अंतरावर, पण तहसीलच्या कामासाठी त्याला ठाणे गाठावं लागतं.

वसई-विरारहून ठाण्यात राहायला आलेल्यांनी जुने कागद एकदा चाळावेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, त्याआधीच्या रेशनकार्डावर आणि दाखल्यांवर 'जि. ठाणे' असतं. मिरा-भाईंदर मात्र अजून ठाण्यातच आहे.

एक सवलत लक्षात ठेवा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेही करता येतो. मुंबईच्या एखाद्या सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं फाइल चालू असेल, तर तिथे आधी विचारा. ज्या डॉक्टरांना केस माहीत आहे त्यांच्याकडे काम सोपं जातं.

नाव, जन्मतारीख, मोबाइल

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि असेल तर पॅन, हे चारही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आता नाव अक्षर न अक्षर वाचा, इंग्रजीतलंही. एका ठिकाणी 'सुनीता' मधला 'नी' एका 'आय' ने लिहिलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी डबल 'ई' ने. एकात आधी आडनाव, दुसऱ्यात शेवटी. एकात वडिलांचं नाव, दुसऱ्यात नवऱ्याचं. घरातल्यांना यात काही वाटत नाही, कारण बाई एकच आहे. संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

दुरुस्ती आधारपासून करा, कारण बाकी सगळं आधारशी ताडून बघितलं जातं. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल किंवा नाव पूर्णच बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्यावी लागते. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

जन्मतारखेकडे काणाडोळा करू नका. आपल्याकडे जुन्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले, शाळेत मास्तरांनी घातलेली तारीख! ती सगळीकडे सारखी असेल तर कोणी काही म्हणत नाही. पण आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर प्रश्न येतो. पासष्टीच्या आसपासच्या माणसाला तर जास्तच, कारण ६५ वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि त्यानंतर श्रावणबाळ योजना, अशी विभागणी आहे.

आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा आणि तो घरातच असणाऱ्या माणसाचा हवा. मुलगा पुण्याला नोकरीला आणि ओटीपी त्याच्या फोनवर, तोही मीटिंगमध्ये, हे दृश्य सेतू केंद्राबाहेर नेहमीचं आहे. बोटांचे ठसे उमटत नसतील किंवा बोटंच नसतील तर आधार केंद्रावर अपवाद म्हणून नोंद करता येते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन नोंदणी करण्याचीही सोय आहे. मागितली तरच मिळते.

वैद्यकीय फाइल: खरी मेहनत इथे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यामुळे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्यातले पीडित हे सगळे आता यादीत आहेत. 'आपल्याला कसलं मिळतंय' म्हणत घरी बसलेले बरेच लोक यात बसतात.

याची दुसरी बाजूही समजून घ्या. डायलिसिस, हृदयविकार, कर्करोग हे कितीही गंभीर असले तरी त्या यादीत नाहीत. आजार किती मोठा यावर टक्केवारी ठरत नाही, शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम किती कमी झालं यावर ठरते. कर्करोगाच्या रुग्णाने मात्र निराश होऊ नये. संजय गांधी योजनेत दिव्यांगांशिवाय कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांनी ग्रासलेल्यांनाही जागा आहे. तिथे टक्केवारीच्या प्रमाणपत्राऐवजी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांचा दाखला लागतो. लोक उगाच दिव्यांग कार्डाच्या मागे लागून महिने घालवतात.

फाइल कशी लावायची? सगळ्यात वर एक हाताने लिहिलेलं पान: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या रुग्णालयात दाखल, कोणती शस्त्रक्रिया, आता कोणतं औषध चालू, आणि रोजच्या आयुष्यात काय काय जमत नाही. त्याखाली डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे, मग रिपोर्ट, मग एक्स-रे आणि स्कॅन. खासगी रुग्णालयाचे कागद पूर्वेतिहास म्हणून उपयोगी पडतात. प्रमाणपत्र मात्र अधिसूचित सरकारी प्राधिकारीच देतो.

प्रकारानुसार थोडं वेगळं:

पक्षाघात झालेल्यांना लगेच बोलावलं जात नाही. सुधारणा होण्याची शक्यता असते, म्हणून साधारण सहा महिने जाऊ देतात. तोवर फिजिओथेरपीची नोंद ठेवा.

कानाच्या तपासणीत ऑडिओमेट्री होते. लहान मूल असेल किंवा उत्तरांत मेळ बसत नसेल तर बेरा तपासणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने मोजणं) लागते. तिचं यंत्र सगळीकडे नसतं आणि रांग असते. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत कानाच्या तपासण्या होतात, गरज पडली तर तिथली तारीख आधी घेऊन ठेवा. कान श्रवणयंत्राशिवाय मोजतात. डोळे मात्र चष्म्यासह मोजतात, म्हणून चष्मा घरी ठेवून जाऊ नका.

मानसिक आजारात एका भेटीवर काही ठरत नाही, सलग उपचारांच्या नोंदी बघितल्या जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या औषधं घेऊन झाली की फेकून द्यायची सवय असेल तर ती आजच मोडा. बौद्धिक दिव्यांगत्वात मानसतज्ज्ञांची बुद्ध्यंक चाचणी होते, स्वमग्नतेसाठी वेगळी मापनपट्टी आहे. शाळेचे अहवाल, थेरपीच्या वह्या, सगळं न्या.

पोर्टलवरचा अर्ज

यात फार काही नाही. प्रमाणपत्र आणि दिव्यांग कार्ड (यूडीआयडी) या दोन्हींसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, रुग्णालय निवडायचं. फोटो सहा महिन्यांच्या आतला असू द्या. अर्जाला सरकारी फी नाही. सायबरवाला घेतो ते त्याच्या टायपिंगचे. नोंदणी क्रमांक आलेली पावती छापून घ्या आणि मोबाइलमध्येही ठेवा. मूल लहान असेल किंवा व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर पालक तिच्या वतीने करू शकतात.

रुग्णालयाच्या यादीत ठाण्याचं जिल्हा रुग्णालय दिसेल. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय तुमच्या प्रकारासाठी दिसतंय का तेही बघा. नेरूळच्या माणसाला ठाण्याला जाण्यापेक्षा वाशी केव्हाही बरं. आणखी एक, टेंभी नाक्याजवळच्या जुन्या सिव्हिलच्या जागी नवी इमारत बांधायला घेतल्यावर रुग्णालयाचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला गेला. त्यामुळे रिक्षात बसून नुसतं 'सिव्हिल' म्हणू नका. तपासणी कोणत्या इमारतीत आणि कोणत्या वारी, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचे वार प्रकारानुसार वेगळे असू शकतात.

जुन्या राज्य संगणक प्रणालीतलं प्रमाणपत्र असेल तर ते बाजूला ठेवू नका. अर्जात 'आधीचं प्रमाणपत्र आहे' तो पर्याय निवडून तेच जोडायचं.

तपासणीचा दिवस

सकाळी लवकर पोचा. आधी केस पेपर, मग ओपीडी, मग ज्या तपासण्या सांगतील त्या, मग पुन्हा डॉक्टर. एका दिवसात सगळं होईलच असं धरून चालू नका. पाणी, डबा, औषधं, डायपर, मुलासाठी आवडीचं खेळणं, चार पासपोर्ट फोटो, मूळ कागद आणि त्यांच्या सही केलेल्या झेरॉक्स न्या. दोन माणसं सोबत असली तर एक रांगेत उभा राहतो आणि दुसरा पेशंटजवळ. लोकलने जात असाल तर दिव्यांगांच्या डब्यातूनही सकाळच्या गर्दीत ठाण्याला उतरणं सोपं नसतं. शक्य असेल तर गर्दीच्या आधीची गाडी पकडा.

आत गेल्यावर काय होतं? हाडांचे डॉक्टर सांध्यावर कोनमापक धरून हात-पाय किती वळतो ते मोजतात, स्नायूंची ताकद बघतात, चालायला लावतात. आणि इथे आपली माणसं गडबड करतात. घरी दोघांच्या आधाराशिवाय न उठणारे आजोबा डॉक्टरांसमोर काठी बाजूला ठेवून चार पावलं चालून दाखवतात. "कसं आहे?" विचारलं की "बरंय साहेब". चांगले कपडे, हसरा चेहरा, आणि टक्केवारी कमी! आजोबांना आदल्या रात्री समजावून सांगा की इथे शाबासकी मिळवायची नाही. संडासला कसं बसता येतं, शर्टाची बटणं कोण लावतं, जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं, हे सरळ सांगायचं. ते बोलणार नसतील तर तुम्ही ते वर लिहिलेलं पान पुढे करा.

वाढवून सांगायचाही मोह नको. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून पडताळणी कडक झाली आहे, आणि त्याची झळ खऱ्या माणसांनाही बसते. 'पंचेचाळीस टक्के करून देतो' म्हणणारे एजंट गेटबाहेर भेटतील. पैसे तर जातीलच, उद्या चौकशी झाली तर गुन्हा तुमच्या नावावर.

टक्के आले, आता?

बहुतेक योजनांचा उंबरठा ४० टक्के. कार्डाचा रंगही यावरच: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर आकडे सरळ मिळवत नाहीत, आणि यावरून डॉक्टरांशी भांडणं होताना दिसतात. सूत्र असं आहे: मोठ्या आकड्यात काय मिळवायचं, तर लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा), भागिले ९०. पायाचे ४० आणि कानाचे ३० असतील तर ७० होत नाहीत. ३० गुणिले ५०, भागिले ९०, म्हणजे साधारण १७, एकूण ५७.

प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, ते नीट वाचा. तात्पुरत्यावर मुदतीची तारीख असते. ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, कारण मुदत संपली की योजनाही अडकते. टक्केवारी पटली नाही किंवा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते देणं नियमातच आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार निर्णयाविरुद्ध अपीलही करता येतं. तोंडी "नाही बसत" ऐकून परत येऊ नका.

तहसीलचे कागद

आता कुठे योजनेची पाळी. संजय गांधी योजनेसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के, राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, अशा मुख्य अटी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं.

वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर थोडे. ठाण्यात चाळीतल्या खोलीचं भाडं तरी तेवढ्यात भागतं का, हा प्रश्न मंत्रालयात कोणीतरी विचारायला हवा. पण आज अट ती आहे, आणि उत्पन्नाचा दाखला खोटा काढण्यात शहाणपण नाही. उत्पन्न जास्त असेल तर थेट पुढच्या भागाकडे वळा. कार्डाचे बाकीचे उपयोग बरेच आहेत.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतो. त्यासाठी आधी तलाठ्यांचा अहवाल लागतो, तलाठी कार्यालयाची वेळ विचारून जा. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये अर्ज करण्याचा उद्योग करू नका. १५ वर्षांच्या वास्तव्यासाठी वय-अधिवास दाखला उत्तम. तो काढताना जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी वीजबिलं उपयोगी पडतात. भाड्याने राहणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण दर अकरा महिन्यांनी पत्ता बदललेला. त्यांनी मुलांच्या शाळेच्या नोंदी आणि प्रत्येक भाडेकरार जपून ठेवावा.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत जातो, समितीपुढे मंजूर होतो. पोचपावतीशिवाय खिडकी सोडू नका. घरातल्या बाई लाडकी बहीण योजनेत असतील तर आधीच विचार करा: दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेत बसता येत नाही.

महापालिका आणि इतर

महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत समाज विकास विभाग या पैशातून योजना चालवतो. अर्ज वर्षभर खुले नसतात, जाहिरात येते आणि मुदत संपते. प्रभाग कार्यालयाच्या फलकावर नजर ठेवा. नवी मुंबईत लहान मुलांच्या पालकांनी वाशीला महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात एकदा जाऊन यावं. शिक्षण, थेरपी आणि माहिती एकाच ठिकाणी मिळते.

एसटीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं गणित निराळं: सवलत ठरावीक प्रकारांनाच, आणि त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. रुग्णालयात गेला आहात तेव्हाच तो छापील नमुना बरोबर न्या, म्हणजे दुसरी खेप वाचते. पगारदारांनी ऑफिसात व्यवसाय कराची माफी मागावी. आयकरातली वजावट जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांनाच मिळते.

पैसे मंजूर, पण खात्यात नाहीत

अनुदान आता थेट आधारवरून जमा होतं. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि त्या खात्यात सरकारी पैसे येण्यासाठी आधारची नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जातात ते शेवटी नोंद झालेल्या खात्यात. कधीकाळी मोबाइल रिचार्जच्या दुकानात उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं अशा वेळी उगवतं आणि सगळे हप्ते तिकडे पडून असतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (म्हणजे थेट खात्यात जमा होणाऱ्या सरकारी पैशांसाठी) आधार सीडिंग' असे शब्द वापरून फॉर्म भरा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो चुकला की हप्ता बंद.

मूल अठराचं होण्याआधी

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्यातली निरामय आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत खातं चालवताना, सही करताना हे पहिल्यांदा लक्षात येतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तरीय समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ठाणे जिल्ह्यातल्यांसाठी चौकशी कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, खारघर-पनवेलकरांसाठी अलिबागला. सतरावं लागलं की या कामाला हात घाला, आणि अर्जात आई-वडिलांपैकी एकाचंच नाव घालायचं की दोघांचं, हे घरी बसून आधी ठरवून जा.